मरत्या जिवाच्या तोंडात पाणी

राहुरी, मंगळवार, २३ नोव्हेंबर १९७१

आज माझी पँट फाटली आणि मला केवढा आनंद झालाय! फाडली ती सखूबाईंच्या कुत्र्याच्या पिल्लानं. गेल्या गुरुवारी त्यांनी ते आमच्या गुरांच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा रक्ताचे जुलाब होऊन ते पोतेऱ्यासारखं पडलं होतं. जेमतेम दोन महिन्यांचं, पोटात जंत, त्यात आणलं जुलाबाच्या तिसऱ्या दिवशी. मी इंजेक्शन दिलं, 'पाणी बंद ठेवा' म्हटलं आणि वर हेही सांगून टाकलं, की हे काही वाचत नाही. डॉक्टर ना मी!

आज दवाखान्याच्या दारात सखूबाई आणि तेच पिल्लू. आधी ओळखलंच नाही. पँटला लोंबकळलं तेव्हा खात्री पटली.

"पाणी बंद ठेवलं होतंत ना?"

"न्हाई सायेब. तुमीच मरनार म्हनलात. मरत्या जिवाच्या तोंडात पानी नको का घालाया? चमच्यानं घालत बसले. ते काय मरंना, मग मीबी थांबंना. दोन दिस घातलं."

म्हणजे ते वाचलं ते माझ्या इंजेक्शननं, की...?

बायको पँट शिवायला मागतेय. राहू दे म्हटलं. उद्या हीच घालून दवाखान्यात जाणार आहे.