पाचव्या घरचं पीठ

धाराशिव,
शनिवार, ५ मार्च १९४९

प्रिय अयोध्या,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. लग्नाच्या बोलणीला पाहुणे येणार, तेव्हा आईनं जोगवा मागणं सोडावं, परडी आणि कवड्यांची माळ ठेवून द्यावी आणि बोलणीला तिच्या जागी मी बसावं, असं तू लिहिलंस. एरवी मी चार ओळींत उत्तर देते. पण हे कार्ड मला तुझ्या आईला, नागूबाईला, वाचून दाखवायचं होतं, आणि मी खोटं वाचलं. म्हणून हे पत्र.

तू बरी आहेस, लातूरची शाळा चांगली आहे, वर्गातल्या मुली हुशार आहेत, असं मी वाचत सुटले. तुझी आई पायरीवर बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "कारड येवढंसं, बाई. तुमी लई वाचलं." पंचवीस वर्षं मुलींची लबाडी पकडणारी मी, तिच्या हाती सापडले. मग खरं वाचलं.

तुला ती दारोदार फिरणारी म्हणून आठवते. मला काय दिसलं ते सांगते. मी देव मानत नाही, त्यामुळं माझ्या दारी तिला कधी पीठ मिळालं नाही. पुढं जा म्हणायची मी. तरी वीस वर्षं, दर मंगळवारी नि शुक्रवारी, ती एक कडवं म्हणूनच पुढं जाई. ते कडवं दर घरी वेगळं असतं, तिथल्या तिथं जुळवलेलं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. शरणबसप्पाच्या दारी त्याच्या आटलेल्या विहिरीचं, जैनबबीच्या दारी तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं. माझ्या दारी एकदा म्हणाली, या घरात पुस्तकं लई आणि बोलायला माणूस नाही. मला राग आला होता. खोटं मात्र नव्हतं. मी पुण्यात कॉलेज शिकले, गाडाभर निबंध तपासले, पण मनातलं असं एक वाक्य मला कुणापुढं कधी म्हणता आलेलं नाही.

देवी खरंच ऐकते का, असं मी तिला एकदा टोचून विचारलं. "ऐकंल, न्हायतर न्हाय ऐकायची," ती म्हणाली. "म्या सांगितलं की मला बरं वाटतं." इतकं सरळ सुखी माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी तू इथं नव्हतीस. रझाकारांच्या धास्तीनं दिवसाही दारं लागलेली असत, तेव्हाही जोगव्याची तिची पाच घरं चुकली नाहीत. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि भीतीनं घरं बदलली. आता जैनबबीचं दार बंद झालं. तिकडं जाऊ नको, असं गल्लीनं नागूबाईला बजावलं. त्या शुक्रवारी ती सगळ्यांत आधी तिथंच गेली आणि दार उघडेपर्यंत गात राहिली.

तुला दोष देण्याआधी माझं सांगते. तू दहा वर्षांची असताना शाळेच्या दरख्वास्तीत पालक म्हणून मी माझं नाव घातलं. जोगवा मागणारीचं नाव बरं दिसणार नाही, असं मला वाटलं. तू शेजारी उभी राहून ते वाचलंस. ही लाज तू तिथं शिकलीस, आणि शिकवणारी मी. एकदा तिच्या जागी बसले, पुन्हा बसणार नाही. बोलणीला येईन, पण तिच्या शेजारी बसेन.

काल शुक्रवार. चार घरं करून ती माझ्या दारी आली. कडवं म्हटलं नाही. माळ उतरवून परडीत ठेवली आणि म्हणाली, "लेकीला द्या. ती म्हनली तर पुन्हा घालीन, न्हायतर न्हाय." तिचा गळा मी पहिल्यांदाच मोकळा पाहिला. मला पाहवला नाही. तुझं काय ठरतं ते मला लिहू नकोस. येऊन तिच्या तोंडावर सांग.

तुझीच, जुनी आणि चुकलेली,
महानंदाबाई

शाळेचा शिपाई बब्रुवान याच्या हाती दिलं: परडी एक. कवड्यांची माळ एक. ज्वारीचं पीठ, पाच घरचं. पाचवं घर माझं.