दुपारचा वादक

सोमवार, ३

नवं गाव, नवी नोकरी, नवं घर, म्हणून वहीही नवी. आणि आज संध्याकाळपासून इलेक्ट्रिक गिटारही नवी. तशी ती माझ्यापेक्षा वयानं थोरली आहे, पण मला नवीच. कवळ्यांच्या लॅबमधून सुटल्यावर वाद्यदुरुस्तीच्या दुकानात सहज डोकावलो, तर भिंतीवर ही बाई टांगलेली. लाल रंग कडेनं उडालेला, मानेच्या मागचं पॉलिश कुणाच्या तरी अंगठ्यानं पार घासून गेलेलं. पाहताक्षणी जीव जडला. दुरुस्तीवाल्यानंही आढेवेढे न घेता देऊन टाकली.

घरी आलो तर बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं. ती घरी बसून यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते; सध्या एका करवतीत अडकली आहे. म्हणाली, वाजव की काहीतरी. मी म्हटलं, आधी नीट लावू तर दे.

मंगळवार, ४

संध्याकाळ मजेत गेली. जुन्या तारा काढल्या, मान पुसली, गंजलेले स्क्रू एकेक करून तेलात बुडवले. मान किंचित पुढं वाकली होती. आतली सळई पाव फेरा आवळली आणि सरळ झाली. आवाजाचं बटण खरखरत होतं, त्यावर फवारा मारला. नव्या तारा चढवून ओढून ओढून सैल केल्या, पुन्हा सुरात आणल्या. जाड तारेची उंची लॅबच्या कॅलिपरनं मोजून बरोबर दीड मिलिमीटर ठेवली. आमचा लॅबमालक, म्हणजे ‘कवळीसम्राट’, असं काम पाहून खूश झाला असता.

मग हेडफोन लावून वाजवली. काय आवाज आहे! बायको समोर बसून नुसती माझी बोटं बघत होती. तिनं हेडफोन मागितला, मी दिला नाही. सांगितलं, अजून सेटिंग व्हायचंय. खरं म्हणजे इतक्यात ती कुणाबरोबर वाटून घ्यावी असं वाटत नव्हतं. बायकोबरोबरसुद्धा.

शुक्रवार, ७

बायको चहा करताना काहीतरी गुणगुणत होती. गोड चाल, शेवटी जरा रेंगाळणारी. कुठली म्हणून विचारलं तर हसली. म्हणाली, वेड पांघरू नकोस, दुपारी तूच तर वाजवलीस.

दुपारी मी लॅबमध्ये एका वकिलीणबाईंची कवळी घासत होतो. तसं सांगितलं. तिला वाटलं मी गंमत करतोय. म्हणाली, रोज जेवणाच्या सुट्टीत येतोस, अर्धा तास वाजवतोस, तेही हेडफोनशिवाय, आणि मग नाकबूल का करतोस?

थट्टा असणार. लग्नाला सहा वर्षं झाली. ती मला बरोबर कुठं डिवचायचं ते जाणते.

रविवार, ९

थट्टा नाही. जाड तार दोन मिलिमीटरवर आहे. मी दीडवर ठेवली होती. तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू कुणीतरी फिरवलेत, आणि मला पटत नसलं तरी आवाज आधीपेक्षा भरदार झालाय. याचाच जास्त राग आला. पुन्हा दीडवर आणली.

बायकोनं ती चाल वाजवायला सांगितली. जमली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिनं समजूत काढल्यासारखं म्हटलं, राहू दे, तुला दुपारचीच जमते. असल्या वेळी माणसानं हसावं. मी हेडफोन लावला.

मंगळवार, ११

कुणीतरी येतं. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या गिटारवर. आणि माझी बायको तो मीच असल्याचं सांगून त्याला पाठीशी घालते. दिवसभर हेच डोक्यात. आज एका कवळीला एक दात जास्तीचा लावला. कवळीसम्राटानं सगळ्यांसमोर विचारलं की गिऱ्हाईक चावणार आहे की हसणार आहे.

तो कसा दिसतो, काय बोलतो, तिला त्याचं काय आवडतं? विचारायचा धीर नाही. संध्याकाळी येतो तेव्हा तिच्या अंगावर आजकाल चांगले कपडे असतात एवढं मात्र माझ्या लक्षात आलंय.

बुधवार, १२

आम्ही कवळीचा साचा ज्याचा करतो त्या गुलाबी मेणाचा एक पातळ पापुद्रा सकाळी गिटारच्या मानेमागं चिकटवला. हाताच्या उबेनं त्यावर ठसा उमटतो. संध्याकाळी उमटला होता. डाव्या अंगठ्याचा, अगदी स्वच्छ. भिंगाखाली धरला.

त्यावर तिरका व्रण आहे. सहा वर्षांपूर्वी आधीच्या लॅबच्या चाकावर माझा अंगठा कापला होता, तोच. रेषाही माझ्याच.

मग एक गोष्ट कळून चुकली: बायको खोटं बोलत नव्हती. याचा आनंद व्हायला हवा होता.

गुरुवार, १३

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. गिटार आधी कुणाची होती, विचारलं. तो आधी टाळत होता, मग सांगितलं. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले, हसतखेळत गिटार विकून गेले. आठवड्यानं तेच गृहस्थ पुन्हा आले, दाढी वाढलेली, एकटे. रडत होते. गिटार कुठाय विचारत होते, म्हणत होते घरात घेत नाहीत. दुरुस्तीवाल्याला वाटलं, जुळे भाऊ असतील, घरचं भांडण असेल. त्यानं हाकलून दिलं.

मी परत घेता का विचारलं. त्यानं हात जोडले.

शनिवार, १५

फेकून द्यावी असं मनात येतं. पण मग बायको त्याचीच आठवण काढत बसणार, आणि मी समोर असताना मला त्याच्याशी ताडून पाहणार. ते नाही सोसायचं. माझ्यापेक्षा बरा वाजवणारा मी — असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आज सहाही तारा काढून पिशवीत घातल्या आणि लॅबमध्ये नेल्या. दिवसभर पिशवी पायाशी ठेवली. संध्याकाळी आलो तर गिटार तशीच, बिनतारांची.

बायकोचे डोळे ओले होते. म्हणाली, आज तर कमाल केलीस.

सोमवार, १७

बोटांचे घट्टे गेले. पंधरा वर्षांचे घट्टे. टोकं गुळगुळीत, तान्ह्या मुलासारखी. पुन्हा तारा चढवल्या, दाबल्या तर रक्त आलं. बायको बघत होती. पट्टी आणून दिली, पण फुंकर घातली नाही. आधी घालायची.

तिला विचारलं, आम्हा दोघांत फरक दिसतो का तुला. तिनं कोण दोघं असं विचारलं नाही —

नुसती करवतीच्या कागदांकडे वळली.

मंगळवार, १८

आज गिटार पेटीत घालून लॅबमध्ये नेली. पेटीचे दोन्ही खटके स्वतः लावले. आता दुपारी घरी जाणार. कवळीसम्राटाला विचारलं, तर म्हणाला, रोज जातोस तेव्हा कुठं विचारतोस.

तोच दिवस, जिन्यात

वाजतंय. आतून. तीच चाल.

हातातली पेटी उघडली. रिकामी. खटके लावलेलेच होते —

घंटी वाजवली. तिनं दार साखळीपुरतं उघडलं. तिच्या खांद्यावरून दिसला. खिडकीजवळच्या खुर्चीत. मी. वर न बघता वाजवतोय. तिचा कामाचा कागद त्याच्या पायाशी पडलाय.

मी म्हटलं, हा मी नव्हे, मी हा. तिनं नीट निरखून पाहिलं. ओळखलं. ओळखलं तिनं, शपथ घेऊन सांगतो. म्हणाली की पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणाली, सहा वर्षं मी ऐकवा म्हणत होते, तुम्ही नुसतं लावत बसलात.

तुम्ही. मला. दारात आलेल्या परक्याशी बोलावं तसं.

मी हात जोडले. ऐकवतो म्हटलं, आत्ता, इथंच, जिन्यात, कसं का वाजेना — बोटं दाखवली तिला —

दार लावलं.

अजून इथंच. पायरीवर. चाल संपली, ती टाळ्या वाजवतेय. एकटीच्या टाळ्या —

साखळी निघाली. हात बाहेर आलाय. तिचाच. किल्ली मागतेय. दिली. काय करणार, दिली.

वही पण द्या म्हणतेय. म्हणते, यांना लिहायची सवय आहे, उद्यापासून अडेल —

नाही देणार. ही तरी माझी —

तो आला दाराशी. हसतोय. बोटांना घट्टे. मला म्हणतो, पेन सोड, इथून पुढं मी