शीग आणि पोस्टखर्च

१० फेब्रु. मंगळ.
वाल मागवलेल्या पुण्याच्या बाईनं फोनवर आमच्या विक्रीच्या पानावर फोटो टाकला. आमचा डबा, वर पोस्टाची चिठ्ठी, चिठ्ठीवर रु. ८५. खाली लिहिलंय, 'कडवे वाल झकास. पण पोस्ट-पॅकिंगचे दीडशे घेतले. लागले पंच्याऐंशी. बाकीचे कोणाच्या खिशात?' त्याखाली सोळा जणांनी हसून घेतलं.
बाकीचे माझ्या खिशात. वहीत तरी खोटं कशाला लिहू. दीडशे हा आकडा मीच ठरवला, इथं बसून, डोळे मिटून. जैसलमेरच्या या वाळूत सोलरच्या पट्ट्यांना बोल्ट मारता मारता. म्हटलं लोक देतात.
दोन ऑर्डरी लगेच रद्द.

११ फेब्रु.
दिवसभर बाईचं वाक्य डोक्यात. दोनदा पाना हातातून पडला. तुकाराम नाना (जालन्याचे, स्टोअर सांभाळतात, मला पोरगा समजतात नि तसंच झापतात) म्हणाले, "चोरी पकडली म्हणून वाईट वाटतंय का केली म्हणून?"
पाना उचलला नि कामाला लागलो.
मुकादम कागद घेऊन आला होता. पुढची साइट लडाखकडं. दोन वर्षं. सही केली तर मध्ये सोडता येत नाही, फोनला रेंज आठवड्यातून एकदा. २४ ला सांगायचं. सही नाही तर इथलं काम महिनाअखेर संपलं, बॅग उचला.
वालाचं जमलं तर मी गावी घरी. आमचे वाल, शेजारच्या चार घरांचे वाल, भात कापल्यावर त्याच शेतात होतात, पाणीसुद्धा लागत नाही. पुढं पांढरा कांदा, कोकम. नाही जमलं तर लडाख. तिसरं काही नाही. सातवी पास माणसाला तिसरं कोण देतो.

१२ फेब्रु.
वहिनीला सांगून तळा, आमचं तालुक्याचं गाव, तिथल्या पोस्टातलं दराचं पत्रक फोटो काढून मागवलं. एक किलोपर्यंत ६०. दीड किलोपर्यंत ८५. महाराष्ट्रात कुठंही.
आमची पिशवी एक किलोची, बाईच्या डब्याला ८५ पोस्टानं चुकून लावले असतील. म्हणजे साठ. पानावर लिहून टाकलं: पोस्ट ६०, पॅकिंग १५. आता बोला म्हणावं.
हलकं वाटलं. जेवलो नीट.

१५ फेब्रु. रवि.
नऊ ऑर्डरी! तीन दिवसांत नऊ. नानांना दाखवल्या. "बॅग भर मग," म्हणाले. थट्टेत, पण म्हणाले.
वहिनी उद्या सहा आसनी रिक्षा धरून तळ्याला जाणार. दादा आगरदांड्याला बोटीवर, शनिवारीच येतो, म्हणून सगळं तिच्याच डोक्यावर. पोर कडेवर आणि नऊ डबे.

१६ फेब्रु.
वहिनीचा फोन पोस्टाच्या दारातूनच. "भावोजी, तुम्ही साठ म्हणालात. ते पंच्याऐंशी मागतायत. सगळ्यांचे. पैसे कमी पडले, ओळखीच्या दुकानातून घेतले."
"वजन किती?"
"एक किलो दोनशेऐंशी."
दोनशेऐंशी वर! कसं? आईचं पितळी माप मी स्वतः तोलून बघितलंय, सपाट भरलं की बरोबर किलो. मग डोक्यात उजेड पडला. आई शीग लावते. मापावर वालाचा डोंगर, शेवटचा दाणा घरंगळेपर्यंत. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला देते तसं पार्सललाही.
म्हणजे नऊ डबे, नऊ वेळा पंचवीस आमच्या अंगावर. एकदा ठीक, पण महिनाभर असंच चाललं तर विकायला बसलोच कशाला.

१७ फेब्रु. मंगळ.
आज मी आईला काय काय बोललो.
सुरुवात नीट केली. आई, शीग लावू नको, सपाट कर, वरून हात फिरव. ती म्हणाली, "सपाट माप वाण्याचं. आपलं न्हाय."
मी म्हटलं आई हे पोस्ट आहे, पोस्टाला शीग कळत नाही.
"पोस्टाला काय देतंय मी? खाणाऱ्याला देतंय. माप नागवं दिसतं रे शिगेबिगर."
मग मी ओरडलो. सगळी साइट ऐकत होती. म्हटलं तुझ्या या शिगेपायी मी इथं मरतोय, तुला अक्कल नाही, दोन वर्षं बर्फात जाईन तेव्हा लाव शीग. असंच म्हणालो. अक्कल नाही म्हणालो.
मग वहिनीचा आवाज, "भावोजी, त्या खळ्यावर गेल्या."

१८ फेब्रु.
आई मापाला हात लावत नाही. वहिनीनं भरायला घेतलं तर माप काढून घेतलं आणि कोनाड्यात उपडं घातलं. म्हणते, "तो यील तवा भरंल. अक्कलवाला."
पाच ऑर्डरी तशाच पडल्यात. पनवेलच्या एका माणसानं विचारलं, पाठवताय की पैसे परत करताय?
मुकादमानं जाता जाता पाठीत थाप मारली, सामान बांध रे म्हणून. मी मान हलवली. कशाला हलवली?

१९ फेब्रु.
काम करवत नाही. एका रांगेत बोल्ट उलटे बसवले, सगळे काढून परत. नानांनी बोलावलं स्टोअरमध्ये. "झालंय काय तुला?" सगळं सांगितलं, शिगेसकट.
नाना हसले नाहीत. ते नटबोल्ट तोलूनच देतात, मोजत बसत नाहीत, काटा कायम पुढ्यात. म्हणाले, "शीग किती भरते?"
मी म्हटलं दोनशेऐंशी.
"आणि डबा?"
कसला डबा?
"पुठ्ठ्याचा डबा रे. हवेचा असतो का?"
गेल्या महिन्यात वहिनीनं मला वाल पाठवलेले, तोच डबा माझ्या खाटेखाली. त्यात मोजे ठेवतो. मोजे उपडे करून आणला. आतला पेपर, चिकटपट्टी, सगळं तसंच होतं. ठेवला काट्यावर.
एकशे सत्तर ग्रॅम.

तिथंच खाली बसलो. बोटांवर हिशोब केला. सपाट किलो आणि डबा, एक किलो एकशे सत्तर. म्हणजे दीड किलोचाच दर. आई शीग लावो न लावो, पंच्याऐंशीच. शीग आहे एकशे दहा ग्रॅमची. ती पोस्टातून फुकट जात होती. आईची शीग आम्हाला एका पैशाला पडत नव्हती.
चूक माझी. पहिल्या दिवसापासून. वाल तोलले, माप तोललं, डबा नाही तोलला. आणि अक्कल कोणाची काढली.
नाना म्हणाले, "फोन लाव." नाही लावला. हात जाईना.

२० फेब्रु. शुक्र.
सकाळी लावला. वहिनीनं फोन आईच्या कानाला धरला असावा, श्वास ऐकू येत होता.
सगळं सांगितलं. डबा, एकशे सत्तर, शीग फुकट.
ती म्हणाली, "म्हंजे डब्याचं वजन तुला ठावं न्हवतं."
"न्हाय."
"आणि शिव्या मला."
"व्हय, आई."
"मग?"
मग काय. चुकलो म्हटलं. तिनं "बरं" म्हटलं आणि फोन वहिनीकडं. बरं म्हणजे काय बरं, ते काही कळलं नाही.
पानावर नवीन लिहिलं: 'पोस्ट ८५, चिठ्ठीवर दिसेल तेवढंच. डबा, पेपर, पट्टी १५. माप शीग लावून.' पुण्याच्या बाईला पन्नास परत पाठवले, कारण लिहिलं. तिनं वाचलं. उत्तर नाही.

२१ फेब्रु.
शनिवार, म्हणून दादा घरी. म्हणाला, "आईनं माप काढलं आज. पाच भरले. बोलली न्हाय पण भरले. शीग अशी लावलीय, वहिनीला पिशवीचं तोंड बांधता येईना." मला हसू आलं, मग रडू. लपवायला पट्ट्यांच्या मागं गेलो.
पण पानावर उलटं सुरू झालंय. 'परवा पंचाहत्तर, आज शंभर? मनाला येईल ते लावता का?' खरा दर लिहिला तर ही तऱ्हा. खोटा लिहिला तरी ती तऱ्हा. काय करू, काट्यासकट फोटो टाकू? टाकला. डबा काट्यावर, नानांचा हात दिसतोय कडेला.
नवीन ऑर्डर एकही नाही.

२२ फेब्रु. रवि.
नाही.

२३ फेब्रु.
दोन. एक आमच्याकडच्या, मुरूडच्या माणसाची, कल्याणला असतो. त्यानं लिहिलं, 'शीग म्हणजे काय ते पोरांना सांगायला मागवतोय.' दुसऱ्यानं नुसता पत्ता.
दोनावर घर चालत नाही. दोनावर नोकरी सोडणारा वेडा. पण ते दोघं शंभर वाचून आलेत, न कुरकुरता. मन एकदा इकडं, एकदा तिकडं. सकाळपासून तीनदा बॅग भरली. एकदा घरची, दोनदा लडाखची. घरच्या बॅगेत स्वेटर नसतो, एवढाच फरक.
आईला विचारलं, येऊ का गं? ती म्हणाली, "माज्या शब्दावर येऊ नको. पुना माजी अक्कल काढशील." मग म्हणाली, "शेजारच्या सुमनकडं पण वाल हायत. तिनं इचारलं, तुमचा पोरगा घेनार का?"
आता सुमनकाकी पण माझ्या भरवशावर.

२४ फेब्रु. मंगळ.
मुकादम अकराला आला. कागद, पेन, वरून चहा. बाकीच्या सात जणांनी केल्या सह्या. नाना लांबून बघत होते.
तेवढ्यात फोन वाजला. नाशिकच्या कोणा बाई. आवाज कडक, शाळेतल्या असाव्यात. "तीन मापं हवीत. एकाच डब्यात. पोस्ट-पॅकिंग किती होईल ते आत्ता सांगा, मागाहून वाढवलेलं मला चालत नाही."
तीन मापं. शिगेसकट तीन किलो तीनशेतीस. वर डबा. तेवढा मोठा डबा आमच्याकडं नाहीच, मग त्याचं वजन कुठून सांगू? अंदाजानं सांगितलं तर पुन्हा तेच. दीडशे जिभेवर आलं होतं. गिळलं.
म्हटलं, "बाई, डबा तोलल्याशिवाय सांगता येत नाही. उद्या सांगतो."
"बरं," म्हणाल्या. ठेवला.
मुकादमानं पेन पुढं केलं. त्यालाही उद्या सांगतो म्हटलं. तो म्हणाला लडाखची गाडी उद्या सकाळी सहाला निघते, उभी राहणार नाही.
वहिनीला निरोप पाठवलाय. तळ्याच्या बाजारात मोठा डबा शोध, रिकामा तोल, आजच. तिनं वाचल्याच्या निळ्या खुणा अजून आल्या नाहीत.