काटा दोन हजारावर

७ एप्रिल, सोमवार
अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

रियाला पोहायच्या क्लासला सोडायला गेलो होतो. गेटपाशी गाडी हळू केली, ब्रेक दाबला — आणि गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरून पुढे! तिथे भाजीवाली भामा बसते. टोपली चाकाखाली गेली. ती वेळेवर उठली म्हणून, नाहीतर... लिहवत नाही.

"ओ आजोबा, डोले हायत का नाय? आत्ता मेली असती ना मी!"

मागच्या सीटवर माझी नात टाळ्या पिटतेय. "आजोबा, परत करा ना!" तिला गंमत वाटली.

घरी सांगितलं नाही. सुमतीला चेहऱ्यावरून कळलंच असेल. इतक्या वर्षांची बायको ती.

८ एप्रिल, मंगळवार
सकाळी पार्किंगमध्ये गाडी नुसती चालू करून उभी ठेवली. न्यूट्रलला. पाय दोन्ही मागे घेतलेले, पेडलला स्पर्शसुद्धा नाही. इंजिन गरम झालं की फेऱ्यांच्या मीटरचा काटा हजाराच्या खाली यायला हवा. हा दोन हजारावर ठाण मांडून बसलेला! म्हणजे ब्रेक दाबला तरी इंजिन पुढे ढकलतंय. दोष गाडीचाच. जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा भीती वाटली — अशी गाडी मी रोज पोरीला घेऊन चालवतोय?

उरणच्या प्लांटमध्ये जन्मभर मीटर वाचले. काट्यावर माझा विश्वास आहे.

९ एप्रिल, बुधवार
रियाने जेवताना सगळं सांगून टाकलं. टोपलीसकट.

सत्यजीत ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, जुनाट गाडी झालीय ती. भंगारात देऊन टाका. आणि तोपर्यंत रिया तुमच्याबरोबर जाणार नाही." आवाज चढवला नाही. मुलगा ओरडला असता तर उलट भांडता तरी आलं असतं.

"दोष सापडला तर?"

"सापडला तर बघू."

ह्या जाण्यायेण्याशिवाय मला आहे काय? ती बडबडते, मी ऐकतो. तेवढाच माझा दिवस. तोही गेला तर मी घरातलं फर्निचर.

१० एप्रिल, गुरुवार
नेऱ्याच्या रस्त्याला प्रितम मेकॅनिकचं गॅरेज आहे, तिथे नेली. "काका, हवा खेचतंय कुठनं तरी. पाइप फाटला असंल." पाइप बदलला. काटा तिथेच. मग कुठलासा व्हॉल्व्ह काढून धुतला. काटा तिथेच! ब्रेकही उघडून बघितले, ते ठीक. शेवटी म्हणाला, "आता नाय समजत. ठेवून जावा."

नाही ठेवली. जीव मुठीत धरून परत आणली. पुलावर पुढे शाळेची बस, मागच्या काचेत पोरं हात हलवतायत. घामाने शर्ट पाठीला चिकटला. अर्धा रस्ता मी देवाचं नाव घेत होतो आणि अर्धा रस्ता प्रितमला शिव्या देत होतो.

१२ एप्रिल, शनिवार
सापडलं!! हसू की रडू?

पार्किंगमध्ये उंदरांचा सुळसुळाट. वायरी कुरतडतात. म्हणून सोसायटीत सगळेच बॉनेटमध्ये तंबाखूची पुरचुंडी बांधतात — वासाने उंदीर फिरकत नाहीत म्हणे. मीही बांधली होती, सुमतीच्या साडीच्या चिंधीत. ती सुटून ॲक्सिलरेटरच्या केबलपाशी जाऊन अडकली होती. पाय उचलला तरी केबल पूर्ण मागे येतच नव्हती. काळंकुट्ट झालेलं फडकं, प्रितमला काय आणि मला काय, दिसलंच नाही.

ओढून काढली. काटा झर्रकन आठशेवर!

सुमती म्हणते, "जन्मात कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाहीत, आणि गाडीला तंबाखू चारलात!"

सत्यजीतने वाकून स्वतः काटा बघितला. "ठीक आहे. मंगळवारपासून न्या तिला." रिया गळ्यातच पडली.

१३ एप्रिल, रविवार
एकटाच द्रोणागिरीपर्यंत जाऊन आलो. काटा आठशे. आज झोप लागेल.

१५ एप्रिल, मंगळवार
पुन्हा.

रिया पार्किंगच्या खांबापाशी उभी होती, पाठीला बॅग. तिला बसवायला गाडी पुढे घेतली, ब्रेक दाबला — आणि गाडीने झेप घेतली. खांबावर आदळली. पोरगी खांबाच्या अलीकडे उभी असती तर? ती रडली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे. आज गंमत वाटली नाही तिला.

काटा बघितला. आठशे! बॉनेट उघडलं. केबल मोकळी, तंबाखू नाही, काही नाही. मग ह्या गाडीत आहे तरी काय?

प्रितमला फोन केला. "काका, ब्रेक एकदम कडक हायत. मी सोता बघितलेत ना."

रियाला रिक्षाने नेलं. ती माझ्यापासून लांब, कडेला बसली. सत्यजीतला अजून सांगितलेलं नाही. चेपलेला बंपर तो बघेलच. मला त्याची भीती नाही वाटत. मला काटा आठशेवर होता ह्याची भीती वाटतेय.

१६ एप्रिल, बुधवार
दुपारी कोपऱ्यावरून दही आणलं. परत आलो तर रिया जिन्यात उभी. "आजोबा, तुमची एक चप्पल इथेच राहिली!"

खाली बघितलं. एक पाय अनवाणी. भर उन्हात डांबरावरून जाऊन आलो होतो. तळव्याला हा एवढा फोड. मला काहीच जाणवलं नव्हतं. शुगरचे डॉक्टर दर खेपेला विचारतात, पायाला मुंग्या येतात का? मी नाही म्हणतो. खरंच येत नाहीत. काहीच येत नाही.

उजवा पाय. 'ब्रेक दाबला' असं ज्याच्या भरवशावर इतके दिवस इथे लिहितोय, तो.