तळमजल्याचं बटण

प्रिय ताई,

आधी एक खुलासा. तुझे फोन मी कापत नव्हतो, बाबा कापत होते. तेही रागानं नाही. इतके दिवस त्यांचे सगळे शब्द माझ्या फोनात राहायला आले होते, आणि तुझा फोन आला की पडदाभर तुझा फोटो यायचा, त्याखाली त्यांचे शब्द गडप व्हायचे. म्हणजे लेकीचा फोन आला की बापाची बोलती बंद. मग ते लाल बटण दाबून तुला घालवायचे आणि निवांत चहा मागायचे. वरच्या काकूंनी तुला कळवलंच असेल, की पोरगा फोन घरी टाकून दिवसभर उंडारतोय. फोन घरी होता हे खरं. उंडारत मात्र नव्हतो, आणि हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

तर तू महिन्याभराच्या कामाला गेलीस त्या गोदीतून पाठवलेला नवा फोन मिळाला. पडदा मोठा, आवाज खणखणीत. बाबांनी तो डाव्या हातात धरून वजन केल्यासारखा खालीवर केला, मग कानाशी नेऊन हलवला. लिफ्टच्या कामावर असताना कुठलाही सुटा भाग हातात आला की ते असंच करायचे, आठवतं? पास झाला. जुन्याच्या पडद्याची तर खालची पट्टी मेलेलीच होती, बोट आपटलं तरी ढिम्म. मला वाटलं, दोन फोन शेजारी ठेवायचे, वायर जोडायची, तोवर चहा उकळायचा, की झालं काम. बाबांची वाचा गेल्यावर तू त्या दाबलं की बोलणाऱ्या ॲपमध्ये एकेक चित्र चिकटवून, एकेकाला तुझा आवाज देऊन दोन वर्षांत जे उभं केलंस, ते चहा उतू जायच्या आत इकडून तिकडे जाईल असं मी धरून चाललो होतो. शाळेशी माझं कधी जमलं नाही ते उगीच नाही.

कारण हे दोन फोन वेगळ्या घराण्यांतले निघाले, ताई. नाव तेच, ॲप तेच, बनवणारे तेच, पण एका घराण्यातल्या फोनातली फाइल दुसऱ्या घराण्यातला फोन उंबऱ्याच्या आत घेईना. मी वायर लावली, मेलवर पाठवून बघितली, ढगात चढवून उतरवून बघितली. दर वेळी नवा फोन नम्रपणे सांगायचा की ही फाइल उघडता येत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथं एक बाई बसते, कपाळावर भिंग बांधून, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. दुकानात एक मांजर आहे, ते फक्त बिघडलेल्या फोनांवरच झोपतं, चालू फोनावर बसत नाही, गिऱ्हाईक म्हणतात तपासणी तेच करतं. असो. चष्मेवालीनं जुना फोन बघितला आणि म्हणाली, हा काही फार दिवसांचा सोबती नाही, आधी याच्यातून सगळं सामान बाहेर काढ, सोयरीक नंतर जमवू. माझा फोन जुन्याच्याच घराण्यातला, त्यामुळे त्यात सामान सुखरूप आलं. म्हणून माझा फोन बाबांच्या गळ्यात, आणि मी मोकळा. फोनाशिवाय माणूस फार लांब जात नाही, हेही कळलं.

पुढं चष्मेवालीनं काहीतरी खटपट करून ती फाइल नव्या फोनाला उघडायला लावली. मी आनंदानं घरी आलो, नवा फोन बाबांच्या हातात दिला, आणि नेमक्या काकू त्यांची चौकशी करायला आल्या. बाबांनी ऐटीत डावा अंगठा 'बसा'च्या जागेवर टेकवला. फोनातून एक अनोळखी बाई मोठ्यांदा म्हणाली, आता पुरे. काकू दारातच थांबल्या. बाबा गडबडले, त्यांनी चहाच्या जागेवर दाबलं, तर ती बाई बातम्या सांगितल्यासारखी म्हणाली, पाठ खाजते आहे. काकू म्हणाल्या, मी नंतर येते हो, आणि गेल्या. बाबांनी फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला हसू आवरत नव्हतं, पण त्यांच्या खाली गेलेल्या मानेकडे बघितलं आणि आवरलं. झटका आला त्या वर्षी दवाखान्यातून घरी आले तेव्हा मान अशीच होती ना? मी तेव्हा नव्हतो. तू फोनवर सांगितली होतीस ती मान. आता बघितली.

झालं काय होतं, तर चित्रं आली होती, पण कशीही. तुझी रचना मोडून सगळी उलटीसुलटी बसलेली, त्यांच्यात एक पांढरं, चित्र नसलेलं खोकंही कुठून तरी आलेलं. आणि तुझा आवाज आलाच नव्हता, त्याजागी ती यंत्रातली बाई. मी तसाच दुकानात पळालो. चष्मेवाली म्हणाली, आवाज गेले नाहीत, गाठोड्यात आहेत, नुसती गाठ सुटत नाहीये. तिनं ती सोडली. आतून तुझे आवाज निघाले सुटे सुटे, पण प्रत्येकाचं नाव म्हणजे नुसता आकड्यांचा शेपटा. कुठला चहा, कुठलं पाणी, वरून काही कळायचं नाही. एकेक ऐकायचा आणि ज्याच्या त्याच्या चित्राला हातानं जोडायचा, दुसरा इलाज नाही, असं तिनं सांगितलं. आणि तुझ्याच्यानं होईल का, असंही विचारलं. हे मात्र लागलं मला.

मग आम्ही दोघं बसलो, ताई. रोज दुपारी, बाबांच्या पलंगावर, मध्ये ताट ठेवायचा स्टूल आणि त्यावर फोन. मी एक आवाज लावायचा, बाबांनी चित्रावर बोट ठेवायचं. तुझा आवाज घरभर. पाणी. उशी. दार लाव. पंखा नको. औषध घेतलं, परत देऊ नकोस. एका आवाजात तू 'संडास' म्हणता म्हणता हसलीयस, तो बाबा मुद्दाम परत लावायला लावतात. एकात मागून कुकरची शिट्टी आहे. पहिले आवाज घाईचे आहेत, मग हळूहळू तू बाबांसारखं बोलायला लागलीयस, तोडून, शेवटचा शब्द गिळून. तुझ्या तोंडून बाबा. हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं, मी कधी होड्यांवर भांडी घासत होतो, कधी कुणाचे तंबू ठोकत होतो, कधी बागांमधून फळं उतरवत होतो. तंबूची एक गंमत सांगायची होती, राहू दे, भेटल्यावर.

माझ्या फोटोचाही आवाज सापडला. मला वाटलं माझं नाव असेल, किंवा तुम्ही मला पाडलेलं भिंगरी हे नाव तरी. तर तुझा आवाज म्हणाला, तो कुठंय? बाबांना माझ्याबद्दल तेवढंच म्हणायची गरज पडत होती ना? बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी फोनाकडे. मग तो तेवढा एक आवाज मी नवा भरला, माझा. आता फोटो दाबला की मी म्हणतो, आलो बाबा. आणि खरंच यावं लागतं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो की ते दाबतात, मी धावत येतो, त्यांना काही नको असतं. खांदे हलतात नुसते. हसताना त्यांचे खांदे अजून तसेच हलतात.

रचनेचं मात्र जमेना. तुझ्यासारखीच लावली, वर चहा, शेजारी पाणी. बाबांचा अंगठा सारखा खाली. मी त्यांचा हात धरून वर न्यायचो, ते चिडायचे. मग परवा व्यायामाच्या केंद्रात जाताना आम्ही लिफ्टमधून उतरत होतो. बाबांनी न बघता, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातानं सर्रकन सगळ्यात खालचं बटण दाबलं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला तो पत्र्याचा डबा आठवतो? काढून टाकलेली बटणं असायची त्यात, आपण त्यांची नाणी करून खेळायचो. जवळजवळ सगळी तळमजल्याचीच. बाबा म्हणायचे, लिफ्टमध्ये सगळ्यात आधी तेच झिजतं, कारण वर कुणी कुठंही राहो, बाहेर पडायला सगळ्यांना तेच लागतं. ज्या माणसानं आयुष्यभर खालून वर जाणारी बटणं लावली, त्याला तू चहा गच्चीवर ठेवला होतास. तुझा दोष नाही, जुन्या फोनाची खालची पट्टीच मेलेली होती. घरी येऊन मी सगळं उलटं केलं. रोजचं तळाला, कधीमधीचं वर. बाबांनी इतक्या भराभर चहा, खारी, खिडकी असं मागितलं की मीच दमलो. फक्त सगळ्यात खालची, अंगठ्याखालची जागा ते कशालाच देईनात. चहा ठेवला, सरकवला. पाणी ठेवलं, सरकवलं.

आणि काल एक आवाज उरला. सगळी चित्रं बोलायला लागली होती, राहिलं होतं ते पांढरं खोकं. कचरा म्हणून मी पुसणारच होतो. म्हटलं ऐकू तरी. तू अगदी हळू बोललीयस त्यात, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसं. मी बरा आहे. तू जा. एवढंच. चष्मेवालीला आज विचारलं, तर ती म्हणाली की खोकं करून लपवून ठेवायची सोय असते, जुन्या घराण्याच्या फोनाला लपवलेलं कळतं, नव्याला कळत नाही, तो सगळं उघड्यावर मांडतो. तू कधी केलंस ते खोकं, ताई? गोदीतून पहिल्यांदा बोलावणं आलं होतं, तेव्हा? बाबांनी दाबावं म्हणून भरलंस, आणि मग त्यांच्या तोंडी आपण शब्द घालतोय असं वाटून लपवलंस, असंच ना? मला उत्तर नको. मला तुझा स्वभाव माहीत आहे.

बाबांनी फोन माझ्या हातून घेतला आणि ते परत दाबलं. मी बरा आहे. तू जा. आणि माझ्याकडे बघितलं. आता मला काय वाटणार? मला आजवर कुणी जा म्हणायच्या आतच मी निघालेला असतो. पहिल्यांदाच राहावंसं वाटत होतं, आणि पहिल्यांदाच कुणी जा म्हणालं. माझी पिशवी दाराशी भरलेलीच असते, ती उचलली आणि जिन्यात जाऊन बसलो. पुढं कुठं जायचं ते काही सुचेना. तेवढ्यात वरून माझाच आवाज. आलो बाबा. थोड्या वेळानं परत, आलो बाबा. आलो बाबा. आलो बाबा. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून म्हटलं, अरे येतोय म्हणतोस तर जा की. गेलो. बाबा पलंगाच्या कडेला आले होते, घाम आला होता त्यांना. त्यांनी मान जोरात हलवली, मग तुझ्या फोटोवर अंगठा ठेवला. ताई, असं फोन म्हणाला. मग ते पांढरं खोकं. मी बरा आहे. तू जा. परत ताई, परत ते. मग माझा फोटो, आणि अंगठ्यानं जमिनीकडे खूण. इथं. मग ते पांढरं खोकं त्यांनी स्वतः ओढत ओढत खाली आणलं, चार वेळा सुटलं, पाचव्यांदा बसलं. त्या राखलेल्या जागेवर. तळमजल्यावर.

हे मी फोनवर का सांगितलं नाही, तर बाबांनी ते बटण दाबून तुला ऐकवलं असतं आणि तू तुझाच आवाज ऐकून म्हणाली असतीस, हे तर मीच भरलंय, ते काय म्हणणार बिचारे. म्हणून लिहितोय, डोळ्यांनी बघितलेलं. शब्द तुझे असतील, पण जागा त्यांनी दिली, आणि जागेतलं बाबांना कळतं. शुक्रवारी तुला गोदीतल्या साहेबांना वर्षभराच्या कामाला हो की नाही सांगायचंय. नाही म्हणायचं तू इथून निघतानाच ठरवून गेलीस, तुझा वेल्डिंगचा मुखवटा सोडला तर बॅगेत महिन्याभराचेच कपडे होते, मला दिसलं होतं. तर तू हो म्हण. वर्षभर जहाजं सांध. चष्मेवालीनं मला येत्या सोमवारपासून दुकानात कामाला बसायला सांगितलंय, दुपारी सोडणार आहे, मांजराची हरकत नाही. पिशवी मी रिकामी केली, त्यात आता बाबांचे व्यायामाचे चेंडू ठेवतो. हे पत्र गल्लीतला ट्रकवाला उद्या गोदीवर आणून देईल, त्याला चहा पाज. आणि शुक्रवारी फोन कर, या वेळी बाबा कापणार नाहीत. त्यांचे शब्द त्यांच्या घरी गेलेत, माझा फोन माझ्याकडे आलाय, आणि मी इथं आहे.

तुझाच,
सध्या एकाच जागी फिरणारा,
भिंगरी