वाटाण्याएवढी ग्रंथी

पेडणे, सोमवार, तिन्हीसांज

डॉक्टर म्हणाले, आमच्या मुलाच्या मेंदूखालची ग्रंथी खाली हुकूमच धाडत नाही, म्हणून त्याला मूल होत नाही. महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यायची. ग्रंथी केवढी, तर वाटाण्याएवढी! तिनं अख्खं घर अडवावं? मला पुरतं कळलं नाही, विचारायचं त्राणही नव्हतं.

आमची ही म्हणाली, "आधी देवाक विचारा. डाक्टर काय देवापेक्षा मोठो?" देव नको म्हणाला तर मुलगा सुई घेणार नाही. म्हणून आज देवळात कौलाला गेलो. भटजींनी मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी सुटू लागली तसा मी उठून बाहेरच आलो.

घरी पोचलो तर मुलगा दारात उभा. "बाबा, देवान काय सांगल्यान?"

"उजवी दिली."

हिनं लगेच माझ्या हातावर साखर ठेवली. खावी लागली.