बरण्या खालच्या फळीवर

चि. निशिगंधा,

‘नाशिकला परत कधी येतोस?’ हे माझ्या दादाचं पत्र महिनाभर तसंच पडलं होतं. “बाबा, तुम्ही ठरवेपर्यंत कोंबुचाचा व्हिनेगर होईल,” असं तू म्हणालीस, ते खरंच होतं.

मी नाशिकला गेल्यावर कोंबुचाचा चहा आंबवत कोण बसणार, म्हणून बरण्या धुवून माळ्यावर टाकायला सांगितल्या होत्यास. आज धुतल्या. साबणाचा वास राहतो, म्हणून गरम पाणी आणि व्हिनेगरच वापरलं. कोंदट होऊ नयेत म्हणून झाकणं लावली नाहीत. चुकलं असेल तर सांग.

माळ्यावर मात्र ठेवल्या नाहीत. खालच्या फळीवर आहेत, माझा हात पोचेल अशा. पुढचा चहा मीच आंबत घालीन, तुला चालणार असेल तर.

दमलोय, जेवायला उठवू नकोस. दादाला ‘येत नाही’ असं लिहून पत्र सकाळीच पोस्टात टाकलं.

— बाबा